कोबे शहरातले काटकसरीचे आठ दिवस

जपानला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘एवढ्या पैशात उमरा झाला नसता का?’ घरच्या थोरल्यांनी तो आम्हालाही विचारला. प्रश्न चुकीचा नाही. पण उमऱ्याचे पैसे आम्ही वेगळे ठेवले होते आणि त्यांना हात लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. पतसंस्थेत चार वर्षं थोडे थोडे साठवलेले पैसे तेवढे खर्चायचे, कर्ज काढायचं नाही, या अटीवर आम्ही चौघं निघालो. एक येन म्हणजे साधारण 55 ते 60 पैसे, हा हिशेब मुलांनी पाढ्यासारखा पाठ केला.

लोक टोकियोला जातात. आम्ही कोबे निवडलं ते तिथल्या मस्जिदीमुळे. 1935 साली उभी राहिलेली ही जपानमधली सर्वांत जुनी मस्जिद. या बंदरात व्यापार करणाऱ्या भारतीय मुसलमानांनी आणि रशियातून परागंदा झालेल्या तातारांनी वर्गणी काढून ती बांधली. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचा भाग जळाला, 1995 च्या भूकंपात शहर कोसळलं, इमारत दोन्ही वेळा टिकली. श्रद्धेचा भाग तर आहेच, पण खर्चाच्या दृष्टीनेही हा निर्णय फायद्याचा ठरला.

कारण परदेशात मुसलमान कुटुंबाचा खिसा रिकामा होतो तो जेवणात. मुलांना भूक लागली म्हणून दुकानातून काहीही उचलून देता येत नाही. पावात प्राण्यांची चरबी असू शकते, गोळ्यांमध्ये जिलेटिन, भाताच्या तयार गोळ्यात मिरिन नावाची गोडसर दारू. डुकराच्या मांसाला ‘बुता’ म्हणतात आणि दारूला ‘साके’. गंमत अशी की रावसासारख्या दिसणाऱ्या सामन माशालाही तिथे ‘साके’च म्हणतात, फक्त लिहायचं अक्षर वेगळं. वेष्टणावर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचायचं काम मुलीकडे होतं. हलाल उपाहारगृहं आहेत, पण चौघांनी रोज तिथे जेवायचं म्हणजे बजेट तिसऱ्याच दिवशी आटोपलं असतं.

म्हणून आम्ही हॉटेल घेतलं नाही. जपानात पुष्कळ ठिकाणी भाडं खोलीवर नाही, माणशी घेतात. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर मस्जिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. मस्जिदीच्या परिसरातल्या हलाल दुकानांत डाळ, तांदूळ, कोंबडी सगळं मिळतं. घरून फक्त सीलबंद मसाल्याची पाकिटं नेली. मांसाचे पदार्थ, अगदी सुकवलेला खिमासुद्धा, जपानात नेता येत नाही. फळांचेही नियम कडक आहेत. तेव्हा खालाजाननी प्रेमाने बांधून दिलं तरी ते घरीच ठेवावं! संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये ताज्या माशांवर सवलतीची चिठ्ठी लागते, कधी किंमत निम्म्यावर येते. आमचं रात्रीचं कालवण त्यावरच झालं. नळाचं पाणी पिता येतं. बाटल्या घरून भरून नेल्या की प्रत्येक वेळचे शंभर-दीडशे येन वाचतात. टिप द्यायची तिथे पद्धतच नाही.

ओसाकाला एकदाच गेलो. जेआरपेक्षा हांक्यू आणि हानशिन या खासगी रेल्वे स्वस्त पडतात, माणशी शंभरेक येनचा फरक. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. कोबे मात्र डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे, बरंचसं पायीच होतं. शिन-कोबे स्टेशनच्या मागे थोडं चढलं की नुनोबिकीचा धबधबा, तिकीट नाही. महापालिकेच्या इमारतीच्या 24 व्या मजल्यावरून शहर पाहायला मिळतं, तेही फुकट.

एका ठिकाणी मात्र आम्ही आनंदाने पैसे मोजले, ते भूकंपाच्या संग्रहालयात. मुलांना तिथे तिकीट नव्हतं, आमचंच काढावं लागलं. 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. आम्ही लातूरचे. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आमच्या घरात अजून बोलली जाते, आणि पुढच्या पिढीने ती फक्त ऐकलेली आहे. पडलेल्या घरांची छायाचित्रं पाहताना मुलगा हळूच म्हणाला, ‘दादीजान सांगते तसंच.’ त्यानंतर मेरिकेन पार्कमध्ये गेलो. तिथे बंदराच्या धक्क्याचा एक तुकडा त्या दिवशी मोडला तसाच जपून ठेवलाय, दिव्यांचे खांब अजून वाकलेले. तो पाहायला पैसे पडत नाहीत, पण आम्ही तिथे सर्वांत जास्त वेळ थांबलो. आपल्याकडे किल्लारीला असा एखादा कोपरा जपून मुलांच्या सहली तिथे न्यायला हव्यात, असं दोघांच्याही मनात आलं.

कोबेचं गोमांस जगप्रसिद्ध. साध्या उपाहारगृहातलं हलाल नसतं आणि हलाल मिळतं ते आमच्या ऐपतीपलीकडचं, त्यामुळे तो मोह आपोआप टळला. खरेदीचा मोह शंभर येनच्या दुकानाने भागवला. कर धरून वस्तू 110 ला पडते. भाचरांसाठी सगळ्या भेटी तिथूनच घेतल्या.

परत आल्यावर नोटा बदलून मिळतात, नाणी इथे कोणी घेत नाही. जुम्याच्या नमाजनंतर मुलांनी दोन्ही खिशांतली चिल्लर मस्जिदीच्या पेटीत टाकली. बसच्या भाड्यापुरती ठेवा, असं ओरडून सांगावं लागलं.