आधी निवड, मग वर्गणी

पडद्यावरच्या गोष्टीसाठी पैसे मोजणं आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकला नवं नाही. जत्रेच्या दिवसांत तंबूतल्या सिनेमाचं तिकीट काढून आम्ही जमिनीवर मांडी घालून बसायचो. पुढं व्हीसीआर आला. उसाचं पेमेंट झालं, की आळीतली पोरं घरटी वर्गणी काढायची. एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा. कोणते सिनेमे आणायचे यावर आधी पारावर तास-तास खल चालायचा आणि ठरलेलं सगळं पहाटेपर्यंत अख्खी आळी बघायची.

मग केबल आली. महिन्याचे पैसे द्यायचे आणि येईल ते बघायचं, अशी सवय लागली. 2019 मध्ये ट्रायच्या नव्या नियमानं 130 रुपये आणि वर कर अशी मूळ आकारणी ठरली. त्यापुढं हवे ते चॅनेल निवडून त्यांचे पैसे द्यायचे. आईनं यादी समोर घेतली, मराठी मालिकांचे चॅनेल ठेवले, बाकीचे काढायला लावले. कशासाठी पैसे जातात, हे तिनं बरोबर धरलं होतं.

नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी 2016 मध्ये, जिओ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. स्वस्त डेटामुळं सिनेमा बांधावर पोचला. रात्रीची थ्री फेज लाईट असते तेव्हा उसाला पाणी देताना दारं मोडायच्या मधल्या वेळात फोनवर एखादी मालिका सोबत करते. डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सनं फक्त मोबाईलवर बघायचा प्लॅन 199 वरून 149 रुपयांवर आणला. एकट्यानं जागणाऱ्याला तेवढा पुरतो.

पण त्याच वेळी ठरलेला सगळ्यात महागडा प्लॅन होता 649 रुपयांचा. त्यात चित्र जास्त स्पष्ट, आणि एका वेळी चार पडद्यांवर बघायची सोय. म्हणजे घरातल्या चौघांनी चार वेगळ्या गोष्टी बघाव्यात, यासाठीही आपण जास्त पैसे मोजतो. वर्गणीच्या दिवसांत उलटं होतं. पैसे सगळ्यांचे आणि पडदा एकच.

तरीही पैसे भरावेत असं मला मनापासून वाटतं, कारण एप्रिल 2021 मध्ये थिएटरं बंद असताना चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' मी याच गावात, नेटफ्लिक्सवर, घरच्यांसोबत पाहिला. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवलेला, शास्त्रीय गायकाची साधना आणि हार सांगणारा हा मराठी सिनेमा. नंतर कितीतरी दिवस जेवताना त्यावर बोलणं व्हायचं. त्या महिन्याचे पैसे तिथंच फिटले.

तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे. काय बघायचं हे घरात आधी ठरतं, मग एका महिन्याचे पैसे भरतो आणि ऑटोपे बंद ठेवतो. प्लॅन किती स्वस्त, यापेक्षा त्या महिन्यात घरातली किती माणसं एका गोष्टीसाठी एकत्र बसली, हे मला महत्त्वाचं वाटतं.