तक्रारवही

“अरे, ‘दुसऱ्या’ हा शब्द चुकीचा कधीपासून झाला?”

बेळगावहून मावशीचा फोन होता. मावशीने मराठी शाळेत आयुष्यभर शुद्धलेखन शिकवलं. मी आणि चार मित्र मिळून संगणकासाठी मराठी शुद्धलेखन तपासनीस तयार करतो. काम विनामोबदला आणि मुक्तस्रोत, म्हणजे कुणीही वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं. त्याची पहिली आणि सगळ्यात कडक परीक्षक मावशीच. ‘दुसऱ्या’खाली लाल रेघ येते, असं तिचं म्हणणं. मी माझ्या संगणकावर शब्द टंकून पाहिला. रेघ आली नाही. “मावशी, इथे बरोबर दिसतंय गं,” म्हणालो आणि विषय संपवला.

दोन महिन्यांनी तिने तेच व्हॉट्सॲपवर कळवलं. मी अंगठा दाखवला आणि विसरलो. तिसऱ्यांदा तिने आमच्या एका मित्राला सांगितलं, त्यालाही चूक दिसली नाही. त्यानंतर तिच्या तक्रारी थांबल्या. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

दिवाळीत बेळगावला गेलो तेव्हा तिच्या टेबलावर एक वही दिसली. आमच्या तपासनिसाच्या चुका तारीखवार, सुवाच्य अक्षरात, पानंच्या पानं. “मला का नाही पाठवल्यास?” असं विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, “पाठवून काय होतं रे? तुम्ही पोरं ऐकून घेता, लिहून कुठे घेता?”

बोलणं लागलं. तिच्याच लॅपटॉपवर ‘दुसऱ्या’ टंकला आणि खाली लाल रेघ उमटली. कारण शोधायला अर्धा तास पुरला. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. आमच्या यादीत पहिलाच प्रकार होता आणि मावशीचा कीबोर्ड दुसरा वापरत होता. म्हणजे ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्याला’ असे सगळेच शब्द तिच्याकडे चुकीचे ठरत होते. मी पहिल्याच फोनला “कुठल्या संगणकावर, कुठला कीबोर्ड?” एवढं विचारून लिहून ठेवलं असतं, तर वर्षभराचा मनस्ताप वाचला असता.

मग आम्ही पाच जण ‘इश्यू ट्रॅकर’ निवडायला बसलो. सोप्या मराठीत तक्रारवहीच म्हणा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, कोण बघणार ते ठरतं, आणि ती सुटली की का फेटाळली, हे सगळ्यांना दिसतं.

आमच्यातल्या एकाला बगझिला हवा होता. 1998 साली मोझिलासाठी बनलेला, जुना आणि भक्कम. पण त्यासाठी स्वतःचा सर्व्हर, डेटाबेस आणि त्याची निगा हे सगळं आलं. दुसरा म्हणाला, गिटहब घ्या, सगळं जग तिथे आहे. ते खरंच, पण तक्रार लिहायची तर आधी तिथे खातं उघडावं लागतं. मावशी ते करेल का, याचं उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

वाद लांबला तेव्हा मी पायथॉन भाषेच्या मंडळींची गोष्ट सांगितली. 2006 मध्ये त्यांनी नव्या ट्रॅकरचा शोध घेतला तेव्हा जिरा, लाँचपॅड, राउंडअप आणि ट्रॅक असे चार उमेदवार होते. समितीची शिफारस जिराच्या बाजूने होती. पण सोबत एक अट होती: राउंडअप सांभाळायला पुरेसे स्वयंसेवक पुढे आले, तर राउंडअप घेऊ. माणसं पुढे आली आणि 2007 मध्ये पायथॉनची तक्रारवही राउंडअपवर गेली. तिने पुढे जवळजवळ 15 वर्षं काम केलं. 2022 मध्ये ते गिटहबवर गेले. साधनाचे गुण पाहायचेच, पण ते रोज झाडून-पुसून ठेवणारं माणूस कोण, हे आधी विचारायचं, असा मी त्यातून धडा घेतला.

आमच्याकडे तसं माणूस नव्हतं. सगळ्यांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा. म्हणून स्वतःचा सर्व्हर बाद झाला. उरला प्रश्न मावशीचा. तेव्हा डेबियनची आठवण झाली. लिनक्सच्या या प्रकल्पाची तक्रारवही मुळातच ईमेलवर चालते. मेल पाठवला की नोंद होते. मावशीला मेल उत्तम लिहिता येतो, “सविनय नमस्कार वि. वि.” पासून.

शेवटी गिटलॅब घेतलं. तिथल्या ‘सर्व्हिस डेस्क’ सोयीत ठरलेल्या पत्त्यावर मेल आला की आपोआप नोंद होते आणि पाठवणाऱ्याला खातं लागत नाही. नोंद आधी गोपनीय राहते. आम्ही वाचतो, खासगी मजकूर नाही ना बघतो आणि खुली करतो. पोचपावतीचा मजकूर मराठीत लिहिला. मेलमध्ये काय हवं तेही तीनच ओळींत सांगितलं: काय टंकलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत संगणक आणि कीबोर्ड कोणता ते. आणि एक नियम केला: “माझ्याकडे चालतंय” एवढ्यावर कुठलीही तक्रार बंद करायची नाही.

मावशीची वही मी स्वतः नोंदवली, एकेक चूक, तिच्या तारखांसह. ‘दुसऱ्या’ला क्रमांक 1 दिला. दुरुस्ती झाली त्या दिवशी तिला मेल गेला. संध्याकाळी तिचा फोन आला. वाटलं, शाबासकी मिळणार.

“तुझ्या त्या पोचपावतीत ‘मिळाली’ऐवजी ‘मीळाली’ झालंय. मेल करू की फोनवरच लिहून घेतोस?”

“मेल कर मावशी,” मी म्हणालो, “क्रमांक मिळेल.”