वली पर्वत

नववीच्या वर्गात इक्बाल यांची 'हिमाला' शिकवत होतो. 'बांग-ए-दरा'मधली ही पहिलीच नज्म. हिमालय किती प्राचीन, किती अढळ, हे रंगवून सांगत असताना मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, आपाच्या मराठी पुस्तकात हिमालयाला वली पर्वत म्हटलंय. तिथं कोणत्या वलींचा मजार आहे?"

वर्ग हसला, मीही हसलो. उर्दूत वली म्हणजे अल्लाहचा दोस्त, मराठीत वली म्हणजे घडी, सुरकुती. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला असा शब्द सापडला की ईदच. नज्म बाजूला ठेवली आणि खडू घेतला.

सुरकुत्या असल्या तरी हिमालय म्हातारा नाही, हे मुलांना पटेना. आपली पर्वती टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, तो त्याच्याहून जुना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खन झालं. तेव्हा हिमालय नव्हताच. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत होता आणि त्याच्यापुढे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ, वाळू, शिंपले थराथराने साचलेले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि त्या गाळाच्या घड्या पडून तो वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रातच बनलेला आहे. पुढे नद्यांनी हाच पर्वत झिजवून पायथ्याशी खचत गेलेला खोलगट भाग पुन्हा गाळाने भरला. गंगेचं मैदान म्हणजे तोच गाळ.

पुरावा हवा तर तो पुण्यातच आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या देवघरात शाळिग्राम आहे, नेपाळच्या गंडकी नदीतला. सोवळ्यातला म्हणून त्यांनी हातात दिला नाही, पण दिव्याजवळ धरून नीट दाखवला. काळ्या गोट्यात शंखासारखं चक्र. तो टेथिस समुद्रातल्या एका प्राण्याचा ठसा. पर्वतीच्या दगडात असलं काही मिळणार नाही. तो नुसता थिजलेला लाव्हा.

इथवर तास मजेत चालला. मग त्याच मुलाने विचारलं, "सर, ती टक्कर थांबली का?"

नाही थांबली. भारत अजूनही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय. तिकडे अडतो, आणि तो ताण इकडे आपल्या खडकातही साठतो. हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण वर्ग गप्प झाला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मी १४ वर्षांचा, लातूरला. नानीचं गाव किल्लारीजवळ. पहाटे चारच्या सुमारास नानी तहज्जुदसाठी उठून अंगणात वजू करत होती. नाना आत, माळवदाखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार. उन्हाळ्यात आम्हा पोरांना ते घर थंडगार वाटायचं.

नंतर भेटायला आलेल्यांपैकी काही जण हळू आवाजात म्हणायचे, हा अजाब आहे, गुनाहांची सजा. नानी ऐकून घ्यायची. एका रात्री तिने मला विचारलं, "तू शिकतोस ना? तेरी किताब में क्या लिखेला है रे?"

माझ्या किताबात लिहिलं होतं की दख्खनचं पठार प्राचीन आणि स्थिर आहे. मी पुस्तक मिटलं आणि झोपल्याचं सोंग केलं.

पुढे किल्लारीला शास्त्रज्ञांनी भोक पाडून पाहिलं. ३३८ मीटर काळा दगड, त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ आणि मग त्याहून कितीतरी प्राचीन खडक. भेग त्या खालच्या खडकातली, वरून न दिसणारी. हिमालयाकडच्या रेट्याचा ताण अशाच जुन्या भेगेवर सुटतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे सगळं मी वाचलं बी.एड.नंतर, पुण्यात. तोवर नानी गेली होती.

फळ्यावर भारताचा नकाशा काढला. वर हिमालयाच्या घड्या, खाली लातूरजवळ एक ठिपका.

"सर, तिथं काय आहे?"

"माझ्या नानीचं गाव," मी म्हणालो. घंटा झाली होती, पण पोरं उठली नाहीत.