पट्ट्याच्या आत
बेळगावकर पाऊस पाहायला आंबोलीला जातात. आमचे चिरंजीव बर्फामागे धावतात! गेल्या जानेवारीत त्याच्या हवामानवेड्या मित्रांबरोबर मीही न्यूयॉर्क राज्यातल्या टग हिल पठारावर गेलो. ऑन्टारिओ सरोवर सहसा पूर्ण गोठत नाही. गार वारा त्याच्या तुलनेने उबदार पाण्यावरून बाष्प उचलतो, अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. पठार चढताना आणखीच. आंबोलीचंच भावंड म्हणा ना. मागे ऊन होतं, आणि दहा मिनिटांत गाडीचं बॉनेटही दिसेना. पोरं खूश, मी रामरक्षा पुटपुटतोय. "थांब रे आता," म्हणालो. एरवी न ऐकणाऱ्यानं पुढच्याच पेट्रोल पंपावर मुकाट्यानं गाडी घेतली. रात्री म्हणाला, "बाबा, मीही घाबरलो होतो. मित्रांसमोर बोलवेना."