पाव टाकीची तार

आमच्या १९६८ च्या फियाट डिलाइटचा पेट्रोलचा काटा टाकी भरली की वर जायचा, अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा उतरायचा आणि त्याखाली जरा गेला की एकदम आडवा पडायचा. टाकीत दहा लिटरच्या वर पेट्रोल आणि काटा शून्यावर. रिझर्व्हचा लाल दिवा पेटलेला तर घरात कुणाला आठवत नव्हता. वडील होते तोवर अडलं नाही. ते पेट्रोल भरल्याची तारीख आणि किलोमीटर डायरीत लिहायचे, त्यावर घर चालायचं. माझ्याकडे गाडी आली, पण डायरीची शिस्त काही आली नाही.

सोलापुरात जुनी फियाट बाळगणारा माणूस वालचंद हिराचंदांचं नाव काढल्याशिवाय राहत नाही, मीही त्यातलाच. वालचंदशेठ १८८२ साली इथेच जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे या गाड्या तयार झाल्या. गाडी एका अर्थी माहेरीच आहे, पण माहेरी तिचा एकही सुटा भाग मिळत नाही. पूर्वी मुंबईला कुणी निघालं की कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांकडून हवं ते आणता यायचं, कारण पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या आणि दोन्ही गाड्यांचं बरंचसं सामान एकमेकींना चालतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. शिवाय त्यातल्या बहुतेक टॅक्सी अखेरच्या काळात सीएनजीवर धावत होत्या, त्यामुळे पेट्रोलच्या काट्याकडे बघतंय कोण? एका ओळखीच्याने तिथून जे टँक युनिट आणून दिलं, ते गंजाने इतकं जाम झालं होतं की फ्लोटचा दांडा हलेना.

आमचे मिस्त्री चाचा विजापूर वेशीकडचे. वय सत्तरीच्या पुढे. दोष नेमका कुठे आहे हे बघायची त्यांची पद्धत साधी. डिकी उघडायची, टाकीवरच्या युनिटची तार काढायची, चावी देऊन ती तार बॉडीला टेकवायची. पुतण्या पुढे बसून काट्यावर नजर ठेवून होता. तार टेकवली की काटा एका टोकाला, सोडली की दुसऱ्या टोकाला. म्हणजे डॅशबोर्डवरचं मीटर ठीक, मधली वायर ठीक. मग चाचांनी युनिटच्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार जोडून पाहिली, कारण जुन्या गाडीत निम्मे आजार अर्थिंगचे असतात. काट्यात फरक नाही. "आता टाकी खोलायची, साहेब," चाचा म्हणाले, "पण उन्हाच्या आत."

एप्रिल होता. सोलापुरात एप्रिलमध्ये दहा वाजले की पत्र्याला हात लावता येत नाही, आणि पेट्रोलच्या वाफा तर उन्हाची वाटच बघत असतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून पहाटे उजाडताच गाडी उघड्या अंगणात घेतली, बॅटरीची तार काढली, पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. झाकणाचे स्क्रू आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते. तरी एकाने डोकं गमावलंच.

युनिट बाहेर आलं. एक लहानशी पत्र्याची डबी, तिच्यातून निघालेला वाकडा दांडा, दांड्याच्या टोकाला पितळेचा पोकळ फ्लोट. डबीच्या आत फायबरच्या पट्टीवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली, आणि दांडा वरखाली झाला की त्या तारेवरून सरकणारी पितळी जिभली. टाकी भरलेली असते तेव्हा विजेला थोड्याच तारेतून जावं लागतं, रिकामी होत जाते तशी जास्त तारेतून. त्या अडथळ्याच्या कमीजास्त होण्यावर काटा हलतो. मी भिंगाखाली पट्टी धरली. भरलेल्या टोकाकडची तार काळपट, जवळजवळ नवी. मधून पुढे मात्र ती घासून चकचकीत होत गेलेली, आणि पाव टाकीच्या आसपास सर्वांत जास्त. पन्नास-पंचावन्न वर्षं आमच्या घरात पेट्रोल पाव टाकीच्या मापानेच भरलं गेलं, हे त्या पट्टीवर कुणालाही वाचता आलं असतं. चकचकीत पट्ट्याच्या सुरुवातीलाच एका वेढ्याची तार तुटलेली होती. जिभली त्याच्या पलीकडे गेली की वीज बंद, काटा आडवा.

बाजारात सर्व गाड्यांना चालणारं म्हणून एक युनिट मिळतं. ते बसवून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण मीटर आणि युनिट ही जोडी असते. युनिटचा रोध मीटरला हवा तेवढा नसेल तर काटा हलतो खरा, पण त्याच्या हलण्याला अर्थ राहत नाही. मला ते पटेना.

जुनीच पट्टी नव्या तारेने भरून घ्यावी असं ठरवलं, आणि मग शहराचा पूर्व भाग आठवला. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांच्या मोटारी भरून देणारी दुकानं आहेत. टॉवेल-चादरीचा धंदा पूर्वीसारखा राहिला नसला तरी मोटारी जळायच्या थांबलेल्या नाहीत. त्यातल्या एका दुकानातल्या पद्मशाली अण्णांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "हे मोटारीपेक्षा सोपं आहे, पण वेळखाऊ आहे. तार तुम्ही आणा."

तार कुठली, हा प्रश्न होता. तांब्याची चालत नाही, रोध फारच कमी. शेगडीतल्या नायक्रोमला साधा डाग धरत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे युरेका वायर मिळाली. तिला रोध हवा तसा आणि कथीलही नीट बसतं. जुन्या तारेचा चांगला तुकडा मोजून तेवढ्याच जाडीची घेतली.

अण्णांचं काम बघत राहावं असं होतं. वेढे एकमेकांना लागले तर रोध बिघडतो, दूर गेले तर जिभली मध्ये अडखळते. त्यांनी पट्टी हाताने फिरवायच्या यंत्रात अडकवली आणि युरेकाच्या तारेबरोबर मागावरच्या सुताचा एक बारीक धागाही सोबत गुंडाळत नेला. तार, सूत, तार, सूत. शेवटच्या वेढ्याला गाठ मारली आणि धागा हळूच ओढून काढला. मागे उरली ती सारख्या अंतराने बसलेली तार. मोजपट्टी नाही, चष्मासुद्धा कपाळावर. मग त्यांनी सवयीने व्हार्निशचा ब्रश उचलला, तेव्हा मी थांबवलं. त्यांच्याकडचं व्हार्निश लाखेचं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्यासारख्या ऊसपट्ट्यातून येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या टाकीला गंज चढवतं आणि लाखेचा तर मागमूस ठेवत नाही. अण्णा हसले. "म्हणजे आमची लाख तुमच्या टाकीत दारू पिऊन जाणार." दोन्ही टोकांना नुसती घट्ट बांधणी करून काम संपवलं.

फ्लोट कानाशी हलवला तर आत खळखळत होतं. चूल-शेगडीपासून लांब, गरम पाण्याच्या बादलीत बुडवल्यावर जोडाच्या एका जागी बुडबुडे आले. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, फ्लोट चांगला वाळवून, वाफ उरली नाही याची खात्री करून मगच चाचांनी डाग दिला, तोही जेमतेम, कारण जास्त कथील म्हणजे फ्लोटला ओझं. लाल दिव्याचा संपर्क पॉलिश पेपरने घासला तेव्हा तो बिचारा लगेच पेटला.

खरा वाद झाला तो दांडा वाकवताना. युनिट बसवून आम्ही पाच-पाच लिटरच्या मापाने पेट्रोल ओतत गेलो आणि दर वेळी काट्याची जागा लिहून घेतली. फ्लोट जरा वर-खाली बसल्यामुळे दोन्ही टोकं एकाच वेळी बरोबर येईनात. चाचांचं म्हणणं, टाकी भरल्यावर काटा पूर्ण वर गेलाच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं काम अर्धवट. मी म्हटलं, भरलेल्या टाकीबद्दल काटा काय सांगतो याची मला पर्वा नाही. पंपावरून आत्ताच निघालोय हे मला माहीत असतं. तुळजापूरच्या रस्त्यावर रात्री पाच लिटर उरलंय की दोन, हे मात्र त्यानेच सांगायला हवं. चाचा दोनदा दांडा वाकवून पुन्हा सरळ करून बसले, मग माझ्या मनासारखं केलं. आता टाकी काठोकाठ असली तरी काटा थोडा खालीच राहतो. खालच्या टोकाला मात्र तो मापाशी जुळतो, आणि दिवा पाच लिटरच्या आसपास लागतो.

अण्णांनी त्याच बैठकीत आणखी एक पट्टी भरून ठेवली होती, तार उरली म्हणून. ती पंढरपूरच्या एका डिलाइटवाल्याने नेली. आठवड्याने त्याचा फोन, टाकी भरली की काटा शून्यावर जातो आणि संपत आली की वर चढतो. पट्टी त्याने उलटी बसवली होती. फोनवरच खोलून फिरवायला सांगितली.