तांबडे जोडे

मास्तर माणसाने सिनेमावर लिहू नये, त्यातून इंग्रजी सिनेमावर तर नाहीच नाही! पण गेल्या मे महिन्यात मुक्कामाला आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवर मला आणि हिला ‘द रेड शूज’ दाखविला, आणि तेव्हापासून तो काही माझा पिच्छा सोडीत नाही.

चित्रपट १९४८चा, मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीने काढलेला. २००९ साली त्याची प्रत नव्याने सुधारली गेली, त्यामुळे त्यातला तांबडा रंग अगदी आज लावल्यासारखा दिसतो. मोइरा शिअरर ही खरोखरीची बॅले-नर्तकी. तीच यात व्हिक्टोरिया पेज झाली आहे. अँडरसनच्या गोष्टीतल्या मुलीच्या पायांतले तांबडे जोडे तिला थांबूच देत नाहीत. ती गोष्ट व्हिक्टोरिया सुमारे पाव तास नाचून दाखविते आणि आपण श्वास घ्यायचे विसरतो.

नृत्यमंडळीचा मालक लेर्मोंटोव्ह म्हणजे मोठा करडा माणूस. प्रेमात पडलेली बाई थोर नर्तकी होऊच शकत नाही, हे त्याचे मत. ती ज्युलियन या तरुण संगीतकाराशी लग्न करते. प्रेक्षकाला वाटते, सुटली बिचारी! मलाही तसेच वाटले.

पुढे एक लहानसा प्रसंग आहे. रात्री ती अंथरुणातून उठते, कप्पा उघडून नाचाचे जोडे पाहते. नवरा पलीकडे पियानोवर नवी रचना करीत बसलेला. लग्नानंतर तिचे नाचणे मागे पडले आहे. त्याचे संगीत मात्र जोरात चालू आहे. त्या क्षणी शेजारी बसलेल्या हिच्याकडे पाहण्याचे मला धैर्य झाले नाही.

लग्नात हिने माहेराहून पेटी आणली होती. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, आणि माझी पहिली कादंबरी लिहिणे चालू. ‘जरा हळू, लिहितोय’, एवढेच मी म्हणालो होतो. तेही रागाने नव्हे. पेटी आधी कोपऱ्यात गेली, मग कॉटखाली, मग माळ्यावर. कादंबरी निघाली. अर्पणपत्रिकेत हिचे नाव आहे!

ज्युलियनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लंडनला स्वतःच्या ऑपेराचा पहिला प्रयोग टाकून तो माँटे कार्लोला तिच्यासाठी धावत येतो. पण येतो तो कशाला, तर तिने त्या संध्याकाळी नाच टाकून आपल्याबरोबर चलावे म्हणून. दोघांच्या ओढाताणीत ती सज्जावरून खाली आगगाडीपुढे उडी घेते. मरता मरता त्याला जोडे काढायला सांगते. तिकडे रंगमंचावर प्रयोग होतो. तिच्या जागी नुसता दिव्याचा झोत फिरत राहतो.

ही काहीच बोलली नाही. चहाचे आधण ठेवताना मात्र म्हणाली, “अहो, ते जोडे त्याने मग कुठे ठेवले असतील?”

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो. भाता उंदरांनी कुरतडलेला, तीन पट्ट्या दाबल्या तरी मुक्या. दुरुस्त होऊन पेटी गणपतीच्या आदल्या दिवशी घरी आली. हिने ती पुसून आतल्या खोलीत ठेवली आहे; वाजविलेली नाही अजून. मी हल्ली ओसरीवर लिहायला बसतो. चार ओळी झाल्या की लेखणी थांबते, आणि मी आत कान देतो.