रंग बिघडला, दोष हवेतल्या पाण्याचा

डोणगावात आमच्या पुतण्याने घरामागच्या पडवीत लोखंडी कपाटे रंगवण्याचे काम सुरू केले. उन्हाळाभर रंग काचेसारखा बसला. पाऊस लागला आणि रंगावर बारीक फोड येऊ लागले. वर्षावासात ग्रंथवाचन चालते, त्यासाठी बुद्धविहाराने दिलेले कपाटही बिघडले. "काका, रंगच भेसळीचा," तो म्हणाला. आम्ही म्हटले, रंग नव्हे, हवा तपास.

३० अंशाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन असते. कॉम्प्रेसर ती हवा सात-आठपट दाबतो. तेव्हा ती तापलेली असते, म्हणून पाणी दिसत नाही. टाकीत, नळीत ती निवली की पाणी सुटते आणि स्प्रे गनमधून थेट रंगात उतरते. म्हणून फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून बसवणे म्हणजे खरोखरच पैसे पाण्यात! आधी वीस-पंचवीस फूट लोखंडी पाइपातून हवा निवू द्यावी, पाइपाच्या सर्वात खालच्या टोकाला कॉक ठेवावा आणि फिल्टर गनच्या बाजूला बसवावा.

टाकीखालचा कॉक रोज उघडायला तर पैसाही लागत नाही. पुतण्याने उघडला तेव्हा तांब्याभर तांबूस पाणी निघाले. तो गंज होता. पत्रा आतून झिजत होता. अशी टाकी दाबाने फुटते. वेल्डिंगचे ठिगळ तिला चालत नाही. आपल्या वस्तीत कारखान्याच्या भिंतीपलीकडेच पाळणा असतो, हे भंगारातली टाकी आणणाऱ्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

नवी टाकी वहिनींच्या बचत गटाच्या कर्जावर आली. संध्याकाळी कॉक त्याच उघडतात.